शलगमाचा राब

सुकापुरात शलगम कोणी लावत नाही, आणि लावलं तरी कोणी खाणार नाही. आमच्याकडे भाजी म्हणजे वालाच्या शेंगा, दुधी, तोंडली, फार तर मुळ्याचा पाला, आणि त्यातही सुक्या कोलंबीचे चार सोडे किंवा मूठभर सुकट पडल्याशिवाय तिला भाजी म्हणायची पद्धत नाही. तरी एका हिवाळ्यात माझ्या आईने घरामागच्या परसात शलगम लावलं, आणि असं लावलं की जणू घरातल्या सगळ्यांचा जीव त्या रोपांना टांगलाय. टांगलेला होताच म्हणा. मी तेव्हा बारावीला होते. त्या वर्षी मी काय अभ्यास केला ते मला आज काहीही आठवत नाही. आठवते ती माडीवरच्या खिडकीत बसलेली वहिनी, आणि खाली चिखलात वाकलेली आई.

वहिनीचं आधी सांगते. माझा दादा, सुनील, बंदरातून कंटेनरचा ट्रेलर घेऊन पार लुधियान्यापर्यंत जायचा. त्या रस्त्यावर त्याला बलविंदर नावाचा एक दोस्त मिळाला, तोही ट्रकवाला, आणि दोस्ताच्या गावी जेवायला जाता जाता दोस्ताची बहीण पसंत पडली. गुरमीत तिचं नाव. दादाने घरी सांगितलं तेव्हा आईने दोन दिवस चूल पेटवली नाही. आगरी घरात पंजाबी सून म्हणजे काय, तिला आमचं जेवण जाईल का, आमची भाषा कळेल का, आणि मुख्य म्हणजे नातेवाइकांना तोंड कसं दाखवायचं. पण गुरमीत आली, आणि आल्या आल्या विळा घेऊन परसातलं गवत कापायला बसली. आईने दारातून पाहिलं, कापायची पद्धत पाहिली, आणि आत येऊन म्हणाली, हिचा हात शेतीचा हाय. विषय संपला. गुरमीतची मीता झाली. मराठी ती आईकडूनच शिकली, त्यामुळे तिचं मराठी म्हणजे आमच्या गावचं हाय-नाय, वर पंजाबी हेल. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी नवीन पनवेलच्या सेक्टरमधल्या, त्या घरी आल्या की तिला मुद्दाम बोलायला लावायच्या. तीही हसत बोलायची. तेव्हा ती फार हसायची.

आमची भातशेती तोवर गेली होती. बाबांनी जमीन बिल्डरला दिली होती, तिच्यावर इमारती उभ्या होत्या, आणि त्यांच्या गॅलऱ्यांतून लोक आमच्या परसात बघायचे. तेवढं परस आईने दिलं नाही. ओटीएवढीच जागा, पण ती माझी, असं म्हणायची. तिथे अळू, मिरच्या, एक शेवगा, आणि पावसात हौसेखातर दोन ओळी भात. भात कशाला म्हणून बाबा विचारायचे, तर म्हणायची, हात इसरतील.

गणपती गेले त्याच्या पुढच्या आठवड्यात दादाचा ट्रेलर घाटात उलटला. त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नाही. वीस वर्षं होत आली, तरी नाही. एवढंच सांगते की तेव्हा वहिनीला तिसरा महिना लागला होता, आणि दादाला घरी आणलं त्या दिवसापासून तिचं जेवण सुटलं.

जेवण सुटलं म्हणजे हट्टाने नाही. ताट समोर घ्यायची, घास तोंडात घालायची, चावत राहायची, आणि तो घास खाली जायचाच नाही. आईने काय काय केलं नसेल. भाताची पेज, मऊ खिमट, तांदळाची भाकरी दुधात चुरून, गावठी कोंबडीचा रस्सा. सकाळी उठल्यापासून चुलीवर काही ना काही रटरटत असायचं आणि माडीच्या जिन्यावर आईच्या पायांचा आवाज. गेलेलं ताट अर्ध्या तासाने तसंच खाली यायचं. डॉक्टरीण बाईंनी वजन केलं आणि आईलाच झापलं, की मुलीच्या अंगात रक्त नाही, ही खात नसेल तर बाळ कशावर वाढणार. आई त्या दिवशी घरी आली ती ओटीवर बसूनच राहिली. शेजारच्या बायका जमल्या. आई त्यांना म्हणाली, आणि हे माडीवर स्पष्ट ऐकू जात होतं, "ता पोर जगला पायजे. नायतर माज्या सुनीलचं काय ऱ्हायलं?" बायकांनी डोळे पुसले. मग एकेक जण वर जाऊन वहिनीच्या पोटावरून हात फिरवून आली. येणारी प्रत्येक बाई तेच करायची. पाहुणे, चुलत्या, गावच्या टोकाला राहणाऱ्या म्हाताऱ्या. पोटावर हात, आणि आईकडे बघून मान हलवणं.

दिवाळीच्या तोंडावर बलविंदर आला. सहा फुटांचा माणूस, ओटीवर बसून दादाच्या नावाने लहान पोरासारखा रडला. चहा घेतला, आणि मग सरळ बोलला, की मी बहिणीला न्यायला आलोय. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर तुमच्याकडेही आहेच. यावर आई काय बोलणार? तिची स्वतःची दोन्ही बाळंतपणं माहेरीच झाली होती. पण आईला कळत होतं, बाबांना कळत होतं, मलाही कळत होतं, की वहिनी गेली की गेली. बाविशीतली पोर. तिकडचे लोक तिचं दुसरं लग्न लावून देणार, आणि द्यायलाच हवं, हे आज मी म्हणते. तेव्हा म्हटलं असतं तर आईने मला उभी चिरली असती.

बलविंदर बिचारा समजावत होता. तो म्हणाला, आमच्याकडे आता शलगम निघेल, आई तुपात परतून देईल, गूळ घालून, लहानपणी ही त्याच्यावरच जगली आहे, घरचं शलगम पाहिलं की दोन घास आपोआप जातील पोटात. बस, आईने तेवढंच धरलं. ती उठली, आत गेली आणि एक कापडाची पुरचुंडी घेऊन आली. लग्नात वहिनीच्या आईने तिच्या पेटीत कसली कसली बियाणं बांधून दिली होती, सासरी मागेपुढे लावशील म्हणून, त्यात शलगमही होतं. ती दोन वर्षं आमच्या कणगीमागे पडून होती. आई पुरचुंडी त्याच्यापुढे धरून म्हणाली, "हिच्या आयशीच्या घरचं बी हाय. शलगम मी लावतंय. तयार होव दे. हिनं खाल्लं, अंग धरलं, तर ती हितंच बाळंत होईल. नाय खाल्लं तर तू घेऊन जा, मी आडवी येनार नाय."

मी त्याला हिंदीत सांगितलं. त्याने बहिणीकडे पाहिलं. ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून फरशीकडे बघत होती. तो शेतकऱ्याच्या घरचा, पिकाची मुदत त्याला पटली असावी. संक्रांतीच्या आत येतो म्हणाला, आणि गेला.

मध्ये बाबांनी एक शहाणपण केलं. वाशीच्या मार्केटला गेले आणि पिशवीभर शलगम घेऊन आले, कशाला पेरायचं न् वाट बघायची म्हणून. आईने ते आमच्या पद्धतीने केलं, खोबऱ्याचं वाटण लावून, सोडे घालून. वहिनीने वास घेतला आणि मोरीकडे धावली. बाबा हळूच म्हणाले की सोडे नसते घातले तर. आई म्हणाली, सोडे नाय तर भाजी कशाची, तुमचं शलगमच बाजारी. उरलेलं आम्हीच दोन दिवस खाल्लं. चांगलं लागत होतं, खोटं कशाला बोलू.

मग आई कामाला लागली. ज्या बाईने जन्मभर एकच पीक काढलंय, ती दुसरं कसं काढणार? आमच्याकडे शेती म्हणजे भात, आणि भात म्हणजे आधी राब. सुका पाला, गवत, शेणाच्या गोवऱ्या एका वाफ्यावर पसरायच्या, वर माती टाकून जाळायच्या, आणि त्या राखेच्या भाजलेल्या मातीत बी दाट पेरायचं. रोपं वितीएवढी झाली की उपटायची, मुठी बांधायच्या, आणि चिखल केलेल्या शेतात एकेक करून लावायची. हे आईने तिच्या आईकडून, तिने तिच्या आईकडून घेतलेलं. एरवी राब उन्हाळ्यात भाजतात. आईने तो ऐन कार्तिकात भाजला. धुराचा असा लोट उठला की समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत येऊन ओरडायला लागली, कोणाच्या वाळत घातलेल्या चादरी काळ्या झाल्या, कोणाच्या बाळाला खोकला लागला. आईने वर बघितलंसुद्धा नाही. हातात काठी घेऊन ती विस्तव सारखा करत होती, आणि मी पाण्याची बादली धरून उभी होते.

बी मोहरीसारखं, काळपट. आईने ते राखेत दाट पेरलं आणि वर फांद्या टाकल्या. चार दिवसांत वाफा हिरवा झाला. आईला झालेला आनंद मला अजून दिसतो. ती माडीवर धावत गेली आणि वहिनीला खिडकीशी घेऊन आली. बग, उगवला, तुज्या आयशीचं बी उगवला. वहिनी बघत राहिली. त्या दिवसापासून ती खिडकीशीच बसायला लागली, आणि आईला वाटलं, चला, औषध लागू पडतंय.

रोपं वितीएवढी झाल्यावर आईने परसात पाणी सोडलं. सगळी माती पायांनी तुडवून लोण्यासारखा चिखल केला. मला कॉलेजला जाऊ दिलं नाही. मी रोपं उपटून, मुळं धुऊन मुठी बांधत होते आणि आई पदर खोचून, कमरेत वाकून, मागे मागे सरकत लावत होती. तिचा हात असा चालायचा की बघत राहावं. एका वितीचं अंतर, ना कमी ना जास्त. लावताना ती गुणगुणत होती. दादा गेल्यापासून तिच्या तोंडून सूर निघाला नव्हता. अर्धं लावून झाल्यावर ती ताठ झाली, चिखलाच्या हातांनी कंबर धरली, आणि वर खिडकीकडे बघून विचारलं, "मीता, बराबर लावतंय ना ग?"

वहिनीने मान हलवली. हो म्हणून. मी पाहिलं. मला इतकं बरं वाटलं की माझ्या हातातली मूठ सुटून चिखलात पडली.

पुढचे दिवस म्हणजे नुसतं मरण. रोपं आधी मलूल झाली, मग बरीचशी उभी राहिली, मग पाला असा फोफावला की गॅलरीवाले लोकही कौतुक करू लागले. पण खाली शलगमाचा गड्डा काही धरेना. सकाळी आई आधी परसात जायची, मग तोंड धुवायची. वाकून एकेका रोपाच्या बुंध्याशी बोटाने माती उकरायची, चाचपायची, परत माती सारायची. धरतंय का? नाय अजून. उद्या बगू. दुपारी परत. संध्याकाळी परत. बाबा म्हणाले, कोणाला तरी विचार, स्टेशनबाहेर भाजीवाला भय्या बसतो, त्याला माहीत असेल. आई म्हणाली, मी जलमभर माती केली, मना भय्या शिकवनार? गावदेवीला नारळ बोलून झाला. खत घातलं, राख घातली, एकदा ताकसुद्धा ओतलं. आणि रोज ताट वर जात होतं, रोज ताट खाली येत होतं. वहिनीच्या मनगटातलं कडं कोपरापर्यंत सरकायला लागलं. सातवा महिना लागला तरी पोट नीट दिसत नव्हतं. आई तिच्यासमोर बसून हात जोडायची, दोन घास खा ग, पोरासाठी खा. ती म्हणायची, खाते आई. आणि खात नव्हती. एके दिवशी मी स्वयंपाकघरात गेले तर आई परत आलेल्या ताटातलं अन्न मुठीने स्वतःच्या तोंडात कोंबत होती आणि रडत होती. मला बघून थांबली नाही. मी घाबरून बाहेर आले. आता माझी मुलगी जेवताना तोंड वाकडं करते तेव्हा मी तिच्यावर नको तेवढी खेकसते, आणि तिला कळत नाही आईला एवढं काय झालं.

बलविंदर म्हटल्याप्रमाणे संक्रांतीच्या आत आला. बहिणीला बघून त्याचा चेहरा उतरला. शलगम कुठे म्हणून विचारलं. आई त्याला परसात घेऊन गेली, मागे मी, आणि माझ्यामागे वहिनीही हळूहळू जिना उतरून आली. आई सांगत होती, पाला बघ केवढा आलाय, अजून थोडं थांब, आता धरेल. त्याने वाकून एक रोप उपटलं. खाली उंदराच्या शेपटीसारखी तीन-चार वाकडी मुळं. दुसरं उपटलं. तेच. त्याने ओळीकडे पाहिलं, ती सारखी अंतरं पाहिली, आणि त्याच्या लक्षात आलं. अगदी हळू, आईला लागू नये अशा आवाजात तो म्हणाला, "चाचीजी, शलगम को उखाड़ के नहीं लगाते. जहाँ बीज गिरा, वहीं बनता है."

एवढं हिंदी आईला कळत होतं. नंतर आमच्या नात्यातल्या एका शहाण्या बाईने यावरून मोठं तत्त्वज्ञान काढलं, की परक्या मुलखातून उपटून आणलेली पोर कशी रुजणार वगैरे. मी तिला तिथेच सुनावलं, की मग भात कसं पिकतं? उपटून लावलं नाही तर पिकतच नाही. उगाच रोपावरून माणसांचा अर्थ काढू नये.

आई वळली. बलविंदरकडे नाही, वहिनीकडे. तिला म्हणाली, "तुना ठाव व्हतं?"

वहिनी म्हणाली, "हां आई."

"मग मान कशाला हलवलीस?"

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. दादा गेल्यापासून मी तिचा इतका सरळ आवाज ऐकला नव्हता. आईच्याच भाषेत, आईनेच शिकवलेल्या शब्दांत ती म्हणाली, "मना जायाचं व्हतं, आई. तुमच्या तोंडावर बोलवत नव्हतं. हितं समदे माज्या पोटाकडं बगतान. माज्याकडं कोन बगत नाय. तुमी पन नाय."

बलविंदरला काही कळलं नाही, तो आमच्या तोंडांकडे बघत राहिला. आईच्या हातात त्याने उपटलेलं रोप होतं, ते तिने कधी घेतलं कोण जाणे. मग आई म्हणाली, "आदी सांगायचंस. मीच नेऊन पोचवली असती."

खोटं बोलत होती. तिने कधीच जाऊ दिलं नसतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, वहिनीलाही. पण ती तसं बोलली, आणि आत जाऊन वहिनीची पेटी भरायला बसली. दादाचे दोन शर्ट वहिनीने मागितले, आईने तीन घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा आली. वहिनी पाया पडली तेव्हा आईने तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि नुसती बघत राहिली, इतका वेळ की रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. पोटाला हात लावला नाही. रिक्षा वळली तशी आई परसात गेली आणि एका टोकाकडून सगळी रोपं उपटायला लागली. मी मदतीला गेले तर मला हाकललं. दुपारपर्यंत परस मोकळं झालं. ढीगभर पाला शेजाऱ्यांच्या म्हशीने खाल्ला.

त्यानंतर घरात जे दिवस आले त्यांचं वर्णन करण्यासारखं काही नाही. बाबा टीव्ही लावून बसायचे, आवाज बंद करून. आई चुलीशी जायची, काय करायला आलो ते विसरल्यासारखी उभी राहायची. माझी परीक्षा झाली, पेपर कसे गेले कोणी विचारलं नाही. गावात कोणी ना कोणी रोज चौकशी करायचं, सुनीलचं पोर कधी, सुनीलचं पोर कधी. आई परसात निघून जायची.

पाडव्यानंतर एका दुपारी फोन वाजला. आईच जवळ होती, तिनेच उचलला. पलीकडे बलविंदर ओरडून बोलत होता, मला दारापर्यंत ऐकू येत होतं, की झालं, दोघंही ठीक आहेत. बाबा आंघोळीतून तसेच पंचा गुंडाळून धावत आले. आई म्हणाली, मीताला दे. तो काहीतरी सांगत होता, ती ऐकेना, मीताला दे आदी. मग वहिनी फोनवर आली, आणि आई बोलायला लागली. जेवलीस का? काय जेवलीस? अजून? तूप घातलं का? कंबर बांदून घे. नीज लागते का तुना? रडू नको, दूध आटतं, बरं रड, रड थोडं. पलीकडून वहिनी काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही. आई मध्ये मध्ये हां, हां करत होती, फोनची तार बोटाला गुंडाळत होती. मग म्हणाली, "आता नीज. मी परत करतंय फोन." आणि ठेवला.

बाबा समोर उभे, अंगावरून पाणी निथळतंय. त्यांनी विचारलं, पोरगा का पोरगी?

आई म्हणाली, "इचारलं नाय."

बाबांनी कपाळाला हात लावला, तिला वेडी म्हणाले, आणि ओल्या हातांनी नंबर फिरवायला बसले. लाइन लागत नव्हती. ते परत परत फिरवत राहिले. आई त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून, आणि फोनकडे बघत नव्हती.